मोठ्या कंपन्यांची सेवा-रचना आणि आपला कापडाचा तागा

तळेगावची औद्योगिक वसाहत, वडगावची बाजारपेठ आणि लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले यांना माल पुरविणारे आपल्या समाजातील अनेक व्यापारी व कारागीर आहेत. कोणी गणवेशाचे कापड देतो, कोणी पडदे शिवून देतो, कोणी चादरी आणि टॉवेल पुरवितो, तर कोणी गादीकाम करतो. पूर्वी या व्यवहारात खरेदी अधिकारी समोर बसत असे. नमुना हातात घेऊन, कापड चुरगाळून, उजेडात धरून भाव ठरत असे. आज मोठ्या कंपनीत ऑर्डर संगणकातून निघते, चलान संगणकात उतरते, बिल संगणक तपासतो आणि नकारही संगणकच कळवितो. त्या नकाराचे कारण विचारायला गेले, तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, “सिस्टीम घेत नाही.”

ही सिस्टीम म्हणजे नेमके काय, ती कोणत्या रीतीने बांधली जाते आणि तिला आपला माल ‘समजतो’ तो कसा, हे प्रत्येक व्यापाऱ्याने जाणून घेतले पाहिजे. मोठ्या उद्योगांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी पद्धत रुजली तिला सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणतात. आपण तिला सोयीसाठी ‘सेवा-रचना’ म्हणू. तिच्यावर अर्थाचा जो थर चढविला जातो त्याला सिमँटिक वेब सर्व्हिसेस असे नाव आहे. नावे अवघड आहेत, पण गोष्ट बाजारात बसणाऱ्याला परकी नाही.

जुनी पद्धत आणि तिची अडचण

मोठ्या कारखान्यात खरेदी, गोदाम, उत्पादन, तपासणी, वाहतूक, विक्री, पगार आणि हिशेब असे आठ विभाग आहेत असे समजा. प्रत्येक विभागाने आपापल्या काळात, आपापल्या गरजेप्रमाणे संगणक-प्रणाली घेतली. पुढे या प्रणाल्यांनी एकमेकांशी बोलावे अशी गरज पडली, तेव्हा दोन-दोन प्रणाल्यांमध्ये स्वतंत्र जोडणी करण्यात आली. आठ प्रणाल्या प्रत्येकीशी जोडायच्या तर अठ्ठावीस जोडण्या लागतात. नववी आली की आणखी आठ. एका प्रणालीत बदल केला की तिला चिकटलेल्या साऱ्या जोडण्या पुन्हा तपासाव्या लागतात. हा गुंता सोडविणारे लोक मिळत नाहीत, आणि मिळाले तर ते निवृत्त होईपर्यंत कंपनी त्यांच्याच हातात राहते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक विभागाने आपले काम ‘सेवा’ म्हणून मांडावे, असा विचार पुढे आला. गार्टनर या अमेरिकन संशोधन संस्थेने १९९६ मध्ये या पद्धतीचे वर्णन सेवा-रचना या नावाने केले.

सेवा म्हणजे काय, ते आपल्याच धंद्यातून पाहू. सूत कातणे, विणणे, रंगविणे, शिवणे ही कामे वेगवेगळ्या हातांत असतात. रंगाऱ्याकडे कोरे कापड द्यायचे, रंगाचा नमुना द्यायचा, दिवस ठरवायचा, आणि ठरलेल्या दिवशी रंगलेले कापड घ्यायचे. तो कोणती भट्टी वापरतो, किती माणसे ठेवतो, याच्याशी आपला संबंध नाही. उद्या त्याने भट्टी बदलली तरी आपल्याला खबर लागण्याचे कारण नाही. त्याचा दस्तूर तेवढा कायम राहिला पाहिजे. संगणकातील सेवेचेही असेच आहे. तिच्यात चार गोष्टी ठरलेल्या असतात: तिला कोठे हाक मारायची, तिला काय द्यायचे, ती काय परत देईल, आणि काम झाले नाही तर ती काय सांगेल. आतली यंत्रणा झाकलेली राहते. बाहेरचा करार उघडा आणि लेखी असतो.

हुंडीचा व्यवहार याच तत्त्वावर चालत असे. मजकुराची ठेवण ठरलेली असल्यामुळे दूरच्या गावचा अनोळखी आडत्याही ती वाचून पैसे देई. लिहिणाऱ्याची वही पाहण्याची त्याला गरज नव्हती.

तळेगावच्या नाक्यावर उभी असलेली मिसाल

सेवा-रचना पाहायला परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से येथे, म्हणजे आपल्या मावळातच, तळेगावचा टोलनाका आहे. मालाची गाडी त्याखालून जाते तेव्हा काय घडते ते पाहा.

काचेवरच्या फास्टॅगमध्ये पैसे नसतात. त्यात फक्त एक ओळख-क्रमांक असतो. नाक्यावरचे यंत्र तो क्रमांक रेडिओलहरींनी वाचते. नाक्याच्या वतीने व्यवहार करणारी बँक तो क्रमांक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठविते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे. हा टॅग कोणत्या बँकेने दिला, गाडी कोणत्या वर्गातली, टॅग चालू आहे की बंद, हे तेथे कळते. मग मागणी टॅग देणाऱ्या बँकेकडे जाते, ती खात्यातून रक्कम वजा करते आणि आपल्या फोनवर संदेश येतो. नाका चालविणारा एक, त्याची बँक दुसरी, आपली बँक तिसरी, मधली संस्था चौथी. कोणीही दुसऱ्याच्या वहीत डोकावत नाही. प्रत्येकजण आपली एकच सेवा देतो आणि करार सर्वांचा एक असतो. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. एवढ्या बँका आणि एवढे नाके एका चाकोरीत आले याचे कारण हा सामायिक करार होय.

याच संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआयची व्यवस्था तर आता भाजीच्या हातगाडीवरही आहे. गिऱ्हाइकाचे ॲप एका कंपनीचे, खाते दुसऱ्या बँकेत आणि दुकानदाराचे तिसऱ्या बँकेत असले तरी पैसे पोहोचतात.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. नाक्यावर केवळ क्रमांक पोहोचून भागत नाही. गाडी ‘मोटार’ आहे की ‘हलके मालवाहू वाहन’ आहे, हे सर्व नाक्यांनी एकाच अर्थाने घेतले पाहिजे. त्यासाठी गाड्यांचे वर्ग क्रमांकासह ठरविलेले आहेत. छोटा टेंपो एका नाक्याने मोटारीत धरला आणि दुसऱ्याने ट्रकमध्ये, तर तारा कितीही मजबूत असल्या तरी व्यवहार बिघडणार. संदेश पोहोचणे आणि संदेशाचा अर्थ पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा-रचनेने पहिली गोष्ट साधली. दुसरीसाठी अर्थाचा थर लागतो.

‘चादर’ म्हणजे काय?

आपल्या धंद्यातला एकच शब्द घ्या: चादर. लोणावळ्याच्या हॉटेलात चादर म्हटले की पलंगावर गादीला घालायची पांढरी सुती चादर. सोलापूरच्या विणकराकडे चादर म्हणजे जाडजूड, नक्षीदार, अंगावर घ्यायची. दर्ग्यात चादर म्हणजे मजारवर चढवायची. तळेगावच्या कारखान्याच्या गोदामात चादर म्हणजे लोखंडी पत्रा! माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्राला केवळ अक्षरे दिसतात.

हॉटेलांच्या बाजूनेही हाच प्रकार आहे. एकच खोली स्वतःच्या वेबसाइटवर आणि तीन-चार बुकिंग कंपन्यांकडे एकाच वेळी विकायला ठेवलेली असते. एका ठिकाणी गेली की बाकीच्या ठिकाणांहून ती उतरली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यातल्या शनिवारी एका खोलीपुढे दोन कुटुंबे उभी राहतील. हे काम सेवा करतात. परंतु एका ठिकाणी ‘डबल’ म्हणजे एक मोठा पलंग आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ट्विन’ म्हणजे दोन सुटे पलंग, हा भेद नीट नोंदला नसेल तर पाहुणा नाराज होतो आणि आमच्यासारख्या पुरवठादाराकडे चादरींची मागणीही चुकीच्या मापाची येते.

मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी सिमँटिक वेबची कल्पना मांडली. बर्नर्स-ली हे वर्ल्ड वाइड वेबचे जनक. कल्पना थोडक्यात अशी की, संगणकांच्या जाळ्यावर नुसता मजकूर न ठेवता त्या मजकुराचा अर्थही यंत्राला कळेल अशा रीतीने नोंदवावा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, प्रत्येक वस्तूला आणि संकल्पनेला एकमेव ओळख. दुसरी, वस्तूंमधील नाती सांगणारा सामायिक कोश: अमुक हा अमुकचा प्रकार आहे, अमुक हे अमुकपासून बनते. तिसरी, त्या नात्यांवरून यंत्राने स्वतः निष्कर्ष काढण्याचे नियम. या कामासाठी ‘आऊल’ नावाची भाषा फेब्रुवारी २००४ मध्ये प्रमाणित झाली. सेवांचे वर्णन अर्थासह करण्यासाठी ‘आऊल-एस’ हा प्रस्ताव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. सेवेच्या करारातील प्रत्येक रकान्याला कोशातील अर्थाची खूण जोडण्याची साधी पद्धत ऑगस्ट २००७ मध्ये मान्य झाली.

हे कोरडे वाटेल, म्हणून कापडातच उदाहरण देतो. मालाच्या वर्गवारीचे एचएसएन क्रमांक आपण रोज बिलावर लिहितो. ही वर्गवारी जागतिक सीमाशुल्क संघटनेची असून १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक जगभर समान आहेत. त्यात ५२०८ म्हणजे काय? वजनाने ८५ टक्के किंवा अधिक कापूस असलेले आणि दर चौरस मीटरला २०० ग्रॅमपेक्षा जास्त नसलेले विणलेले सुती कापड. वजन २०० ग्रॅमच्या वर गेले की ५२०९. कापूस ८५ टक्क्यांहून कमी आणि मिश्रण मुख्यतः कृत्रिम धाग्याचे असेल तर ५२१० किंवा ५२११, पुन्हा वजनाप्रमाणे.

आता पुरवठादाराने कापसाचे प्रमाण आणि वजन या दोन गोष्टी स्पष्ट नोंदविल्या, तर कापडाचा क्रमांक यंत्र स्वतः काढू शकते. कोणी ‘मलमल’ लिहो, कोणी ‘कॅम्ब्रिक’ लिहो, कोणी दुकानातले लाडके नाव लिहो. नावावर न जाता गुणांवरून वस्तू ओळखणे हेच अर्थाच्या थराचे मर्म होय. तयार मालातही पाहा: ब्लँकेट ६३०१, पलंगाची चादर, टेबलक्लॉथ व टॉवेल ६३०२, पडदे ६३०३, पलंगपोस ६३०४. सामान्य गिऱ्हाइकाला पलंगाची चादर आणि पलंगपोस एकच वाटतील. कोशात त्यांचे घर वेगळे आहे.

मोठ्या उद्योगांना काय अनुभव आला

कागदावर उत्तम दिसणारी ही योजना मोठ्या उद्योगांत सरळ उतरली नाही, हेही सांगितले पाहिजे. आपली कित्येक मुले हिंजवडी आणि पुण्याच्या कंपन्यांत हेच काम करतात, त्यांनाही हा इतिहास उपयोगी पडेल.

सन २००० च्या सुमारास आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी सर्व जगाच्या सेवांची एक सार्वजनिक नोंदवही उघडली. कल्पना अशी की, कोणत्याही कंपनीचा संगणक त्या वहीत पाहून हवी ती सेवा शोधेल आणि परस्पर व्यवहार करील. जानेवारी २००६ मध्ये ती वही बंद झाली. अनोळखी सेवेशी, केवळ यादीत नाव आहे म्हणून, व्यवहार करायला कोण व्यापारी तयार होईल? ओळख, विश्वास आणि करार या गोष्टी यादीने निर्माण होत नाहीत. अनेक कंपन्यांनी महागडी मधली सॉफ्टवेअरे विकत घेतली, पण आपले व्यवहार कसे वाटायचे याचा विचार केला नाही. जानेवारी २००९ मध्ये बर्टन ग्रुपच्या ॲन थॉमस मेन्स यांनी सेवा-रचना हे नाव मेले आहे, सेवा मात्र राहतील, अशा आशयाचा निर्वाळा दिला. तो बऱ्याच अंशी खरा ठरला. नाव मागे पडले आणि पद्धत सगळीकडे पसरली.

अर्थाच्या थराचेही तसेच झाले. जगातल्या साऱ्या व्यवहारांचा एकच अफाट कोश करण्याचे प्रयत्न अडखळले. एका क्षेत्रापुरते, थोडक्या शब्दांचे, सर्वांनी बसून ठरविलेले कोश मात्र टिकले. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये वेबसाइटवरील माहितीसाठी ‘स्कीमा’ नावाचा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला, तो आज सर्वत्र वापरात आहे. आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसी या जाळ्याचा पाया असाच आहे. गिऱ्हाइकाचे ॲप वेगळे, दुकानदाराचे ॲप वेगळे, मात्र मागणी, भाव आणि पोहोच यांची भाषा एक.

या अनुभवातून मोठ्या संस्थांसाठी काही नियम निघतात. पहिला, सारी इमारत एकदम पाडू नये. जो व्यवहार सर्वांत जास्त अडतो तो एकच घेऊन त्याची सेवा करावी. दुसरा, प्रत्येक माहितीचा एकच मालक असावा. मालाची मूळ यादी खरेदी विभागाकडे एक आणि गोदामाकडे दुसरी असेल, तर कोणताही थर कामाचा नाही. तिसरा, करार बदलायचा तर जुना लगेच बंद करू नये. जुना आणि नवा काही महिने बरोबर चालवावेत. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, शब्दांचे अर्थ ठरविण्याच्या बैठकीत केवळ संगणकवाले नकोत. माल हाताळणारा गोदामपाल, कापड ओळखणारा खरेदीदार आणि शक्य झाले तर पुरवठादारही तेथे हवा. शब्दाचा अर्थ ठरविणे हे माणसांचे काम आहे, यंत्र फक्त त्याची अंमलबजावणी करते.

ई-बिल: अर्थ चुकला तर पैसे अडकतात

हे सर्व आपल्या खिशाशी येते ते जीएसटीच्या मार्गाने. १ जुलै २०१७ रोजी हा कर आला. त्यानंतर व्यापाऱ्यांमधील बिलांसाठी ई-इन्व्हॉइसची पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली. प्रथम ती ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना होती. टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या सर्वांना लागू झाली. तिचे मर्म असे की, बिलात कोणते रकाने असावेत आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हे देशभर एकच ठरले. आपले सॉफ्टवेअर कोणतेही असो, बिल त्याच साच्यात नोंदणी-केंद्राकडे जाते. केंद्र ते तपासते, त्याला ६४ अक्षरांचा एकमेव क्रमांक देते आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठविते. तीच माहिती पुढे विवरणपत्रात आणि ई-वे बिलात उतरते. एकदा लिहिले की पुन्हा लिहायला नको. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी वा अधिक उलाढाल असलेल्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ही नोंद करावी लागते.

१ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला कराची वजावट मिळते ती पुरवठादाराने भरलेल्या आणि त्याच्या खात्यात दिसणाऱ्या बिलांवरच. म्हणजे आपण क्रमांक किंवा माप चुकीचे टाकले, तर मोठ्या कंपनीची वजावट अडते. तिचा संगणक बिल बाजूला काढतो आणि आपले पैसे अडकतात. कंपनीला त्याने फारसा फरक पडत नाही. ज्याचे भांडवल पाच-सात लाखांचे, त्याचा हंगाम मात्र जातो.

मापाचा प्रश्न तर रोजचा आहे. ‘तागा’ हे माप नव्हे, प्रत्येक गिरणीचा तागा वेगळ्या लांबीचा. १,००० वार म्हणजे ९१४.४ मीटर. वार आणि मीटर एक धरले तर साडेआठ टक्के माल हवेत जातो. मीटरचा भाव सांगितला आणि पन्हा सांगितला नाही, तर ३६ इंची आणि ५८ इंची कापडाचा एकच भाव झाला. उशीच्या अभ्र्यांची मागणी ‘२०० नग’ अशी आली, तर ते २०० अभ्रे की २०० जोड्या? आमच्या व्यापारात एका मोठ्या खरेदीदाराच्या संगणकाने जोड्यांना नग समजून निम्मा माल ‘कमी आला’ असे दाखविले आणि पुरवठादाराची रक्कम महिनोन्‌महिने रोखून धरली, अशी प्रकरणे झाली आहेत. करातही हा शब्द महत्त्वाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील किमतीला १८ टक्के असा दर आहे. म्हणजे ‘नग’ कशाला म्हणायचे यावर कराचा दर ठरतो.

आपल्या समाजापुरता एक प्रश्न आणखी आहे, तो नावांचा. आपली नावे उर्दूत एकाच रीतीने लिहिली जातात, पण रोमन लिपीत त्यांची स्पेलिंगे अनेक. ‘शेख’ कोणी ‘ए-आय’ने लिहितो, कोणी ‘ई-आय’ने. ‘मोहम्मद’ एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर ‘एमडी’ एवढेच. पॅनवर एक, बँकेत दुसरे, उद्यम नोंदणीत तिसरे. माणसाला कळते की हा तोच गृहस्थ. यंत्राला ते तीन निरनिराळे इसम वाटतात आणि खात्यात पैसे जमा होण्याच्या वेळी ते अडते. एकमेव ओळख हवी असे वर म्हटले ते यासाठीच. जीएसटीचा पंधरा अक्षरांचा क्रमांक पाहा: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. नाव चुकेल, क्रमांक चुकत नाही. तरीही सर्व कागदांवर स्पेलिंग एक करून घेणे हिताचे.

शरीयतची ताकीद आणि आजचे यंत्र

हा विचार आपल्याला नवा नाही. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामधील २८२ व्या आयतीत मुदतीच्या व्यवहाराची लिखापढी करण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. आगाऊ रक्कम देऊन पुढे माल घेण्याच्या बै-सलम या व्यवहारात माप, वजन आणि मुदत ठरलेली असलीच पाहिजे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ज्या सौद्यात माल किंवा किंमत संदिग्ध राहते त्याला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात आणि तसा सौदा निषिद्ध मानला आहे. मोठ्या कंपनीचा संगणक ज्याला ‘अर्थ जुळत नाही’ म्हणतो, तो पुष्कळदा हाच गरर असतो. फरक एवढाच की, पूर्वी संदिग्धता दोन माणसांत राहत होती आणि सलोख्याने मिटत होती. आता ती यंत्रात गेल्यावर मिटविणारा सापडत नाही. म्हणून ती आत जाण्यापूर्वीच दूर केली पाहिजे.

आपण काय करावे

१. आपल्या सर्व मालाची एक यादी करावी. प्रत्येक वस्तूपुढे आपले बाजारी नाव, एचएसएन क्रमांक, कापसाचे प्रमाण, चौरस मीटरचे वजन, पन्हा आणि माप लिहावे. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यास व्यापाऱ्यांमधील बिलावर चार अंक पुरतात, त्यावर सहा लागतात.

२. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्याच्या संगणकातील वस्तूचा क्रमांक आपल्या वस्तूसमोर लिहावा. संगणक-शास्त्रात ज्याला अर्थजुळणी म्हणतात, ती याहून वेगळी नाही. हा तक्ता वहीत असला तरी चालेल.

३. नग, जोडी, सेट, डझन, मीटर, वार यांपैकी काय धरायचे ते ऑर्डर घेतानाच लेखी ठरवावे. जीएसटीच्या मापांच्या यादीत मीटर, वार, डझन, सेट यांना स्वतंत्र संकेत आहेत, तेच वापरावेत.

४. पॅन, बँक, जीएसटी आणि उद्यम नोंदणीतील नाव एकाच स्पेलिंगने करून घ्यावे.

५. बिल नाकारले गेले तर ‘सिस्टीम घेत नाही’ या उत्तरावर परत येऊ नये. कोणत्या रकान्यावर अडले आणि तेथे काय अपेक्षित आहे, हे लेखी मागावे. ठरलेल्या करारात अपयशाचे कारण सांगणे हा सेवेचाच भाग असतो. जे कारागीर स्वतः माल तयार करतात आणि सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून नोंदलेले आहेत, त्यांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि मालावरची हरकत १५ दिवसांत लेखी आली पाहिजे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी या तरतुदीचा लाभ नाही, हे ध्यानात ठेवावे.

६. घरातील शिकलेल्या मुला-मुलींना या कामात घ्यावे. त्यांना यंत्र कळते, आपल्याला माल कळतो. अर्थाचा कोश तयार होतो तो या दोन्ही ज्ञानांच्या मेळातून. हातमाग, रंग आणि शिलाईचे जे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, ते त्यांच्या मापांसह लिहून ठेवले नाहीत, तर उद्याच्या संगणकात त्या मालाला रकानाच राहणार नाही, आणि ज्याला रकाना नाही तो माल मोठा खरेदीदार मागणारही नाही.